पानं उकळायची नाहीत, मुरवायची

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : "बाल्कनीत गवती चहा, तुळस आणि पुदिना लावला आहे. बाजारातून जास्वंदीच्या सुक्या पाकळ्या आणि गुळवेलीचे तुकडे आणले आहेत. हे सगळं एकत्र पंधरा मिनिटं उकळते, पण कधी कडूजहर होतं, कधी नुसतं गवताचं पाणी. घरात कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. चव कशी आणायची? रोज प्यायलं तर चालेल का? सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे, आणि आठ वर्षांची मुलगीही हट्ट करते. पावसाळ्यात पानं टिकवायची कशी?"

ताई, गेली वीसेक वर्षं मी दापोलीजवळ अर्ध्या एकरात याच वनस्पती लावते, वाळवते आणि त्यांची मिश्रणं करते. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार तुमचीच आहे, आणि तिचं कारण तुमच्याच वाक्यात आहे : "सगळं एकत्र पंधरा मिनिटं". पान, फूल, बी, साल आणि मूळ यांना एकाच भांड्यात एकाच वेळी टाकलं, की कुणाचंच भलं होत नाही. मूळ कच्चं राहतं आणि पान मरतं.

पानाचा सुगंध त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. गवती चहात ते मुख्यतः सिट्रल असतं, म्हणूनच त्याला लिंबासारखा वास येतो. तुळशीत युजेनॉल, तेच लवंगेतही असतं. आपल्या भाजीबाजारातला पुदिना बहुतेक करून स्पिअरमिंट, त्याचा वास कार्व्होनचा. त्यामुळे पेपरमिंटच्या गोळीसारखा थंडगारपणा त्यात शोधू नका, तो नसतोच. ही तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि वाफेबरोबर निघून जातात. उघड्या पातेल्यात गवती चहा उकळताना घरभर जो घमघमाट सुटतो, तो तुमच्या कपातून वजा झालेला असतो. पंधरा मिनिटांनी मागे उरतो तुरटपणा, कडवटपणा आणि शिजलेल्या पाल्याचा वास.

आपल्याकडच्या वैद्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. आयुर्वेदात वनस्पती पोटात घेण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. त्यातल्या शेवटच्या तीन तुमच्या कामाच्या. क्वाथ म्हणजे आपला काढा, उकळून आटवलेला. फांट म्हणजे ठेचलेल्या द्रव्यावर गरम पाणी ओतून, थोडं मुरू देऊन गाळलेला अर्क. हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलेलं पाणी. शार्ङ्गधरसंहितेत मापंसुद्धा वेगवेगळी आहेत. काढ्याला एक भाग द्रव्य, सोळा भाग पाणी आणि आटवून आठवा हिस्सा. फांटाला चौपट गरम पाणी. हिमाला सहापट थंड पाणी. ही औषधाची मापं आहेत, चहाला एवढं दाट मुळीच करायचं नाही. पण विभागणी तीच धरायची : पानाफुलांचा फांट, साली-मुळांचा हलका काढा आणि काही गोष्टींचं हिम. तुम्ही आजवर पानांचा काढा करत होतात.

आता गवती चहापासून सुरुवात करू, कारण तो तुमच्याकडे ताजा आहे आणि नवशिक्या हाताला सगळ्यात जास्त यश तोच देतो. कोकणात परसदारी एक तरी ठोंब असतोच. पाती कापताना मातीपासून वीतभर वर कापा. अगदी तळातून छाटलं तर ठोंब मागे पडतो. बाहेरची जुनी, रुंद, गर्द हिरवी पात घ्या, मधला कोवळा कोंब राहू द्या. तिच्या कडा धारदार असतात, बोटं सांभाळा. दोन कपांसाठी, म्हणजे सुमारे ३०० मिली पाण्याला, दोन ते तीन लांब पाती पुरतात. धुऊन त्या हातावर चोळायच्या, मग कात्रीने बोटभर तुकडे करायचे. पात अखंड टाकली तर तेल आतच राहतं आणि मिक्सरमधून काढली तर गवतट चव येते. खालचा पांढरट दांडा असेल तर तो बत्त्याने नुसता चेचा, वास त्याचा सगळ्यात गोड.

पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद. मग पाती टाकायच्या आणि लगेच घट्ट झाकण. सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही. झाकण काढाल तेव्हा आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा भांड्यातच पाडा, सुगंध त्या थेंबांत असतो. मी हे शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला करून दाखवते : एक पातेलं उघडं, एक झाकलेलं, पाती तेवढ्याच, वेळ तेवढाच. पहिल्या घोटातच फरक कळतो, मग काही समजावून सांगावं लागत नाही.

दुधाच्या चहात पात घालत असाल तरी नियम हाच. आलं मात्र आधी. ताज्या आल्यात दूध फाडणारं एक एन्झाइम असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून आलं किसून पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा, नंतर चहा पावडर, नंतर दूध. उकळी आली की गॅस बंद करून पात घाला आणि तीन मिनिटं झाका. गूळ वापरत असाल तर तोही गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटण्याची भीती असते.

तुळस आणि पुदिना याच वाटेने. तुळशीची सात-आठ पानं एका कपाला भरपूर झाली, आणि पाच मिनिटांत गाळून घ्या, कारण ती जास्त मुरली की तिखट-कडू लागते. पुदिन्याची देठं काढून टाका.

बियांची गोष्ट वेगळी. बडीशेप, धणे, जिरे, ओवा यांचं तेल बीच्या आत बारीक नळ्यांमध्ये कोंडलेलं असतं. आख्खी बडीशेप दहा मिनिटं उकळूनही चहा फिका होतो तो त्यामुळे. खलबत्त्यात दोन-चार ठोके द्या. पूड नको, नुसती फुटली पाहिजे. आणि कुटायची ती करतानाच, आठवडाभर आधी कुटून ठेवलेल्या बडीशेपेला फारसा दम राहत नाही. एक कपाला एक लहान चमचा, मंद आचेवर दोन मिनिटं, मग पाच मिनिटं झाकून. जेवणानंतर पोट जड वाटत असेल तर धणे-जिरे-बडीशेप समभाग घेऊन केलेला हा चहा मला इतर कशाहीपेक्षा आवडतो. उन्हाळ्यात मात्र धण्यांचं हिम करा : एक चमचा धणे भरड कुटून रात्री ग्लासभर पाण्यात, सकाळी गाळून, हवी तर चिमूटभर खडीसाखर. ते उकळून कधीच इतकं स्वच्छ लागत नाही.

साली आणि मुळं हीच काय ती उकळण्याची. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध यांना दहा-बारा मिनिटं मंद आच द्या, तीही झाकण ठेवून. आलं आणि सुंठ एकच, असं समजून अदलाबदल करू नका. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. एक इंच आल्याच्या जागी पाव चमचा सुंठ पुरते. दालचिनी घेताना तुकडा नीट बघा. एकाच जाड, खडबडीत सालीची गुंडाळी म्हणजे कॅशिया. पातळ कागदासारख्या कितीतरी पदरांची, हाताने चुरडणारी ती खरी दालचिनी. कॅशियात कुमारिन बरंच असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. कधीमधी एखादा तुकडा चालेल, रोज पिणाऱ्याने खरीच घ्यावी. आमच्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत ती चांगली येते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात त्यातलीच.

आता तुमच्या जास्वंदीकडे येते, आणि इथे थोडं रेंगाळणार आहे. जगभर ज्याला हिबिस्कस टी म्हणतात, तो गर्द लाल आणि आंबट चहा आपल्या देवपूजेच्या जास्वंदीचा नसतो. तो तिच्या बहिणीचा, लाल अंबाडीचा असतो, आणि पाकळ्यांचाही नाही. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जे मांसल लाल आवरण राहतं, त्याचा. इजिप्त आणि सुदानमध्ये तो 'करकडे' म्हणून पितात, पश्चिम आफ्रिकेत 'बिसाप', मेक्सिकोत 'हमायका'. आणि विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाणारी आपण माणसं हीच वाळलेली बोंडं परदेशी नावाच्या पाकिटातून विकत आणतो. याचं मला दरवेळी वाईट वाटतं. जास्वंदीच्या पाकळ्यांना रंग छान येतो पण आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे तुमच्या पाण्याला चव आली नाही यात तुमची चूक नाही.

अंबाडी नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती चालतात. चहाला हवी ती लाल, भरदार बोंडांची. थंडीच्या तोंडाशी ती बाजारात दिसू लागली की किलोभर घ्या. देठाकडून चाकू फिरवून आतली बियांची हिरवी गाठ काढा, लाल आवरणं तेवढी वाळवा. कडक, चुरचुरीत झाली की बरणीत भरा. दोन कपांना एक मोठा चमचा, उकळतं पाणी ओतून सहा-सात मिनिटं. किंवा रात्रभर थंड पाण्यात ठेवा, रंग तसाच उतरतो आणि तुरटपणा कमी येतो. भांडं स्टीलचं नाहीतर काचेचं घ्या. हा चहा चांगला आंबट असतो, तो अॅल्युमिनियममध्ये किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत अजिबात करू नका. गूळ आणि दोन ठेचलेल्या वेलच्या घातल्या की पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखा होतो.

तुमच्या लेकीसाठी गोकर्ण लावा. निळ्या गोकर्णीची पाच-सहा फुलं, हिरवा देठ काढून, कपभर गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं, आणि लिंबाचे चार थेंब पडले की जांभळं. त्यातलं रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं, एवढंच त्याचं गुपित. पण मुलांना हा खेळ वाटतो. गोकर्णीला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून जोडीला गवती चहाची अर्धी पात टाका. आठ वर्षांच्या मुलीला असा हलका चहा अर्धा कप, कधीतरी, ठीक आहे. काढे मात्र मुलांना हौसेखातर देऊ नका. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवूही नका, त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या जिवावर बेतू शकते.

रोज प्यायला चालतं का, याचं उत्तर कपात काय आहे यावर ठरतं. गवती चहा, बडीशेप, धणे, पुदिना, थोडं आलं हे आपण स्वयंपाकात खातोच. दिवसाला एक-दोन कप बहुतेकांना काही करत नाहीत. त्यांच्याकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते : घसा शेकतो, पोट हलकं वाटतं, साखर-दुधाचा एक कप कमी होतो आणि संध्याकाळी दहा मिनिटं शांत बसणं होतं. याहून मोठं वचन मी कुणाला देत नाही आणि देणाऱ्यांवर विश्वासही ठेवत नाही.

औषधी द्रव्यांचं तसं नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १ असा क्वाथ सांगितला होता. ते प्रमाण समतोल आहे. पण घरोघरी मिरी दुप्पट झाली, सुंठ तिप्पट झाली, दिवसाला तीन-तीन वेळा आटवून प्यायलं गेलं, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची छाती जळायला लागली. गुळवेलीबद्दल तर जास्तच सावध करते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वेलीशी गल्लत होण्याची शक्यता आहे. वाद काहीही असो, तुमच्यासाठी अर्थ एकच निघतो : बाजारातून आणलेले सुके तुकडे नेमक्या कुठल्या वेलीचे, हे तुम्हाला ओळखता येत नाही आणि मलाही नुसत्या तुकड्यावरून सांगता येणार नाही. ते रोजच्या चहातून काढून टाका. घ्यायचीच असेल तर वैद्यांना भेटून, ठरावीक दिवस.

सासऱ्यांच्या कपात ज्येष्ठमध नको. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. गोड लागतं म्हणून बाजारातल्या पुष्कळ मिश्रणांत ते असतं, तेव्हा पाकिटामागची यादी वाचा. अंबाडीचं उलट आहे, तिने रक्तदाब थोडा उतरतो. गोळी चालू असताना रोज प्यायचा विचार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठलीही नवी वनस्पती रोजची करण्याआधी विचारा. साधा गवती चहा, साखरेशिवाय, त्यांच्यासाठी उत्तम. घरात कुणी गरोदर असेल तर अडुळसा पूर्ण वर्ज्य, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं.

तुमच्यासाठीही एक गोष्ट, ती फारशी कुणी सांगत नाही. पुदिन्याच्या चहाने जेवणातलं लोह शोषलं जाणं जवळजवळ काळ्या चहाइतकंच अडतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्ताची कमतरता आहे. वनस्पतींचा चहा आहे म्हणून जेवताना घोट-घोट घेऊ नका. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

पावसाळ्याचं सांगते, ते मी नुकसान सोसून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मी आषाढात गवती चहा वाळवायला घेतला होता. घरात दोऱ्या बांधल्या, पंखा लावला. आठव्या दिवशी पाती हाताला सुक्या लागल्या म्हणून बरण्या भरल्या. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर कुबट वास आला आणि देठांवर पांढरी बुरशी होती. सगळा माल खड्ड्यात टाकला. बुरशी लागलेली पात झटकून, उन्हात टाकून वापरता येत नाही, बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही. तेव्हापासून कोकणात दिवाळी ते होळी एवढ्याच काळात वाळवते. ठाण्यातही तेच करा.

वाळवताना ऊन नको, सावली हवी. धुतलेलं पाणी पूर्ण निथळू द्या, पाती चिरून सुती कापडावर एक थर पसरा, वारा खेळू द्या, दिवसातून एकदा परता. चार-पाच दिवस लागतात. पान चुरडलं की आवाज झाला पाहिजे आणि जाड देठ वाकता कामा नये, कट्कन तुटला पाहिजे. काचेच्या कोरड्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा. पहिले तीन-चार दिवस रोज बरणी बघा. काचेला आतून धुकं धरलं तर पानं अजून ओली आहेत, पुन्हा पसरा. पानं सात-आठ महिन्यांत वापरून टाकायची. तारीख चिकटवून ठेवा, लक्षात राहत नाही.

आणि ऐन पावसात? वाळवूच नका. गवती चहा चिरून डबीत भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा, थेट गरम पाण्यात टाकता येतो आणि वास जवळपास ताज्यासारखा राहतो. पुदिना आणि तुळस पाण्यासकट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. तुळस वाळली की तिचा बराचसा सुगंध जातो, म्हणून मला ती गोठवलेलीच बरी वाटते.

कच्चा माल कुठून आणता तेही सांभाळा. हारवाल्याकडचे गुलाब आणि झेंडू खाण्यासाठी वाढवलेले नसतात, त्यांवरची फवारणी पाकळ्यांवर तशीच असते, त्यांचा चहा करू नका. वर्दळीच्या रस्त्याकाठची तुळस धूळ-धूर खाऊन वाढते. आणि खात्रीने ओळखता येत नाही ते पान किंवा फूल कपात नकोच. आपल्या सोसायट्यांच्या बागांत कण्हेर आणि बिट्टी सर्रास असतात, दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषारी झाडं आहेत. मुलीला फुलं वेचायला पाठवाल तर आधी ही दोन झाडं तिला दाखवून ठेवा.

शेवटी, तुम्हाला हवं आहे ते एकत्र मिश्रण. ते होतं, फक्त क्रमाने. चार कपांसाठी सांगते. साडेचार कप पाण्यात सुंठेचा नखाएवढा तुकडा ठेचून घाला आणि झाकून दहा मिनिटं मंद उकळा. मग दोन लहान चमचे कुटलेली बडीशेप घालून आणखी दोन मिनिटं. गॅस बंद. आता गवती चहाच्या चिरलेल्या चार पाती आणि तुळशीची दहा-बारा पानं घालून झाकण लावा आणि सहा मिनिटं थांबा. गाळून लगेच कपांत घ्या. गुळाचा खडा ज्याचा त्याने आपल्या कपात घालावा, सासऱ्यांना तसाच द्या. उरलं तर पुन्हा गरम करू नका, ते तुम्ही आजवर करत होतात तसंच लागेल. थंड होऊ द्या आणि लिंबू पिळून दुपारी प्या. गाळणीतला चोथा तुमच्या गवती चहाच्याच कुंडीत, मातीत मिसळून टाका.